बायोसमध्ये ५.० लावला, विंडोजमध्ये भलताच आकडा: ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर खाली का येतो

तक्रार ठरलेली असते. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सगळ्या कोअरना ५० चा मल्टीप्लायर, म्हणजे ५.० गिगाहर्ट्झचा वेग दिला, सेव्ह करून रिस्टार्ट केलं, विंडोज नीट सुरू झालं. पण टास्क मॅनेजर कधी ३.७ दाखवतो, कधी ४.७, मध्येच ८०० मेगाहर्ट्झ. गेम सुरू केला की थोडा वेळ ५.० टिकतो आणि मग आकडा डगमगायला लागतो. यावर बहुतेक जण एकच उपाय करतात, व्होल्टेज आणखी थोडं वाढवतात. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे.

क्लॉक खाली येणं आणि मशीन अस्थिर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्होल्टेज कमी पडलं तर मशीन सहसा हँग होतं, निळा स्क्रीन येतो, नाहीतर गेम न सांगता बंद पडतो. निमूटपणे २०० मेगाहर्ट्झ खाली येऊन ते चालत राहत नाही (अपवाद आहे, तो पुढे येईल). प्रोसेसर शांतपणे खाली येतोय म्हणजे कुणीतरी त्याला खाली आणतंय: विंडोज, पॉवर लिमिट, तापमान, करंट, किंवा तुम्हीच कधीतरी लावून विसरलेलं एखादं सेटिंग. आधी हा 'कुणीतरी' शोधायचा. तोपर्यंत व्होल्टेजला हात लावायचा नाही.

आकडा कोण सांगतंय?

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट' पानावर प्रोसेसरच्या नावापुढे '३.७० गिगाहर्ट्झ' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते मोजमाप नाही. तो चिपच्या नावाचा भाग आहे आणि काहीही केलं तरी बदलणार नाही. टास्क मॅनेजरमधली 'बेस स्पीड' ही ओळही तशीच. तिथला वरचा मोठा आकडा बदलतो, पण सगळ्या कोअरचं मिळून एकच चित्र तो दाखवतो. कुठला कोअर पळतोय आणि कुठला झोपलाय, ते त्यातून कळत नाही.

म्हणून एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सर्सचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर घ्या आणि फक्त सेन्सर्सची खिडकी उघडा. तिथे प्रत्येक कोअरचे दोन आकडे असतात आणि निम्मा गोंधळ या दोन आकड्यांमुळेच होतो. पहिला 'कोअर क्लॉक', म्हणजे बस क्लॉक गुणिले मल्टीप्लायर. १०० मेगाहर्ट्झ × ५० म्हणजे ५०००. दुसरा 'इफेक्टिव्ह क्लॉक', म्हणजे मधल्या काळात त्या कोअरने प्रत्यक्ष किती चक्रं पूर्ण केली त्याची सरासरी, झोपेचा वेळ धरून. एखादा कोअर ५००० वर आहे पण वेळेच्या फक्त २० टक्केच जागा असतो, तर इफेक्टिव्ह क्लॉक १००० च्या आसपास दिसेल. यात बिघडलेलं काही नाही. त्याला काम तेवढंच होतं.

५००० ऐवजी ४९८८ दिसत असेल तर तेही सोडून द्या. बस क्लॉक बरोब्बर १०० नसून ९९.७६ आहे, एवढाच त्याचा अर्थ. रेडिओ लहरींचा त्रास कमी व्हावा म्हणून 'स्प्रेड स्पेक्ट्रम' नावाचं सेटिंग बस क्लॉक किंचित हलता ठेवतं. ते बंद केलं की आकडा गोल होतो. गेमला फरक पडत नाही, डोळ्यांना बरं वाटतं.

एक सूचना: एचडब्ल्यूइन्फो, सीपीयू-झेड, मदरबोर्ड कंपनीचं सॉफ्टवेअर आणि आरजीबी लाइटचं सॉफ्टवेअर, सगळं एकत्र चालू ठेवून आकडे बघू नका. ही सॉफ्टवेअर कोअरना सतत उठवतात, आणि मग निवांत मशीनवरही व्होल्टेज आणि क्लॉक चढलेले दिसतात. मोजायला एकच ठेवा.

काम नसताना ८०० मेगाहर्ट्झ

हा बिघाड नाही. काम नसेल तेव्हा इंटेलचे स्पीडस्टेप आणि स्पीड शिफ्ट क्लॉक खाली आणतात, सी-स्टेट्स कोअरला झोपवतात. एएमडीच्या रायझनमध्येही तशीच व्यवस्था आहे. बायोसमध्ये तुम्ही दिलेला ५.० ही कमाल मर्यादा असते, कायमचा वेग नव्हे. क्लॉक चोवीस तास ५.० वर खिळवायचा असेल तर पॉवर प्लॅनमध्ये 'मिनिमम प्रोसेसर स्टेट' १०० टक्के करता येतो. पण त्याने गेममध्ये काही हाती लागत नाही, कारण काम आलं की प्रोसेसर काही मिलिसेकंदांत वर जातो. सी-स्टेट्स बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते तो सोडून द्यावा. उगाच जास्तीची वीज जळते आणि शोधाशोधीत आणखी एक बदललेलं सेटिंग वाढतं.

त्याच पानावर 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' मात्र नक्की बघा. तो ९९ टक्के असेल तर टर्बोच (बेस क्लॉकच्या वर जाणारा वेग) बंद होतो आणि प्रोसेसर बेस क्लॉकच्या आसपास अडकून राहतो. उन्हाळ्यात मशीन थंड ठेवायला ही युक्ती अनेक जण वापरतात आणि नंतर विसरतात. 'काहीही केलं तरी ३.७ च्या वर जातच नाही' असं ऐकलं की सगळ्यात आधी हेच तपासायचं.

इथेच आणखी एक गोष्ट उरकून घेऊ. इंटेलमध्ये मल्टीप्लायर वाढवायला नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा चिपसेट, दोन्ही लागतात. 'के' प्रोसेसर बी मालिकेच्या बोर्डवर असेल तर मेमरीचा वेग वाढवता येतो (नव्या पिढ्यांत), पण कोअरचा मल्टीप्लायर वाढत नाही. एएमडीमध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी चा मल्टीप्लायर कुलूपबंद आहे. अशा मशीनवर खालचा सगळा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

लोडखाली घसरतो, आणि ठरावीक वेळाने घसरतो

खरी भानगड इथे असते. उदाहरणासाठी इंटेलचा आय९-१०९००के घेऊ, कारण त्याचे आकडे समजायला सोपे आहेत. त्याच्या पॉवर लिमिट दोन: पीएल१ म्हणजे १२५ वॅट, पीएल२ म्हणजे २५० वॅट, आणि वेळेची खिडकी ५६ सेकंदांची. प्रोसेसर गेल्या काही सेकंदांच्या वीजवापराची धावती सरासरी ठेवतो. सरासरी पीएल१ च्या खाली आहे तोवर तो २५० वॅटपर्यंत खाऊ शकतो. सरासरी १२५ ला टेकली की त्याला १२५ च्या आत यावं लागतं, आणि तसं येण्याचा त्याच्याकडे एकच मार्ग आहे: क्लॉक आणि व्होल्टेज खाली आणणं.

आता सिनेबेंच ही प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकून स्कोअर देणारी टेस्ट लावून बघा. सुरुवातीला सगळे कोअर ५००० वर, पॅकेज पॉवर (अख्ख्या प्रोसेसरचा वीजवापर) २०० वॅटच्या पलीकडे. मिनिटभराच्या आत पॅकेज पॉवर १२५ वर येऊन तिथेच चिकटते आणि क्लॉक एकदम खाली बसतो. तापमानही उतरतं. हे उतरलेलं तापमान पाहून लोक म्हणतात, 'अरे, थंड तर आहे, मग क्लॉक का पडला?' पॉवर लिमिटची खूण नेमकी हीच. पॅकेज पॉवरचा आकडा एका ठिकाणी रेघ मारल्यासारखा सपाट होतो.

इंटेलवर याचा लेखी पुरावा मिळतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'परफॉर्मन्स लिमिट रीझन्स' असा गट असतो. टेस्टच्या आधी घड्याळाच्या बटणाने सगळे आकडे रीसेट करा, टेस्ट चालवा, आणि मग 'मॅक्सिमम' रकान्यात कुठे 'येस' लागलंय ते बघा. 'पीएल१' किंवा 'पीएल२' समोर असेल तर पॉवर लिमिट. 'थर्मल इव्हेंट' समोर असेल तर तापमान. 'इलेक्ट्रिकल डिझाइन पॉइंट' समोर असेल तर बहुधा करंटची मर्यादा. 'व्हीआर थर्मल अलर्ट' म्हणजे मदरबोर्डचा वीजपुरवठा तापलाय. आणि 'मॅक्स टर्बो लिमिट' समोर 'येस' दिसलं म्हणून घाबरू नका. क्लॉक तुम्ही दिलेल्या मल्टीप्लायरला टेकलाय, आणखी वर जाऊ शकत नाही, एवढंच ते सांगतं. या एका ओळीने कितीतरी जणांना उगाच कामाला लावलंय.

थ्रॉटलस्टॉप या दुसऱ्या सॉफ्टवेअरची 'लिमिट्स' खिडकी हीच माहिती रंगांत दाखवते. लाल म्हणजे आत्ता अडवलंय, पिवळं म्हणजे मघाशी अडवलं होतं.

पॉवर लिमिट सापडली तर बायोसमध्ये 'लाँग ड्युरेशन' आणि 'शॉर्ट ड्युरेशन पॅकेज पॉवर लिमिट' वाढवा. ४०९५ वॅट लिहून मोकळं व्हायची पद्धत रूढ आहे. ४०९५ म्हणजे व्यवहारात मर्यादाच नाही. मी तसं करणार नाही. तुमचा कूलर अर्धा तास सलग जेवढे वॅट बाहेर फेकू शकतो तेवढा आकडा लिहा, म्हणजे पुढे बिघाड झाला तरी काहीतरी आडवं येईल.

हे १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या इंटेलवर जास्तच खरं आहे. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर अस्थिर होतात आणि कायमचे खराबही होऊ शकतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं आणि त्यासाठी नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम) बायोस अपडेटमधून दिला. अपडेटनंतर बऱ्याच बोर्डांवर 'इंटेल डीफॉल्ट सेटिंग्ज' आपोआप लागतात. आय९ साठी त्यात पॉवर लिमिट २५३ वॅटची आणि करंटची ३०७ अँपिअरची. 'बायोस अपडेट केल्यावर क्लॉक कमी झाला' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. जुना बायोस परत टाकू नका.

तापमान, आणि व्होल्टेज वाढवलं की होतं काय

थर्मल थ्रॉटलिंगची, म्हणजे तापमानामुळे क्लॉक खाली येण्याची, खूण वेगळी. तापमान एका आकड्याला चिकटतं आणि क्लॉक खालीवर होत राहतो. इंटेलच्या १०९००के साठी हा आकडा १०० अंश, रायझन ७ ५८००एक्स साठी ९०. रायझन ७०००च्या एक्स मालिकेत तो ९५ आहे आणि पूर्ण लोडवर ९५ ला जाऊन टेकणं हे त्यांचं नेहमीचं वागणं आहे. तिथे ९५ दिसला म्हणून कूलर काढून बसू नका. बघायचं सगळ्यात गरम कोअरकडे, सरासरीकडे नाही.

आता तो व्होल्टेजचा हिशेब. प्रोसेसरचा वीजवापर क्लॉकच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा ४.८ गिगाहर्ट्झला १.२५ व्होल्ट पुरत होतं आणि ५.० साठी १.३५ दिलं. वेग वाढला सुमारे ४ टक्के. वीज वाढली सुमारे २१ टक्के, आणि यात तापमानासोबत वाढणारी गळती धरलेलीच नाही. म्हणजे ज्याला पॉवर लिमिट किंवा तापमान अडवत होतं, त्याचा व्होल्टेज वाढवल्यावर क्लॉक आणखी आधी पडतो. उलट, तेवढ्याच क्लॉकवर व्होल्टेज पायरी-पायरीने कमी केलं तर बऱ्याच मशीनवर घसरण आपोआप थांबते. स्थिरता तपासत तपासत करायचं, एवढंच.

कूलरकडे वळाल तर आधी साध्या गोष्टी बघा. पाण्याच्या कूलरचा पंप चुकून फॅनच्या कर्व्हवर जोडलेला असतो आणि अर्ध्या वेगाने फिरतो. त्याला पूर्ण वेग द्या. पाणी तापायलाही बराच वेळ लागतो, त्यामुळे पाच मिनिटांच्या टेस्टमध्ये असा कूलर छान पास होतो आणि गेम सुरू केल्यावर अर्ध्या तासाने उघडा पडतो.

एकदम खड्ड्यात जाऊन परत वर

प्रोसेसर ७० अंशांवर निवांत, पॉवर लिमिटही मोकळी, तरी क्लॉक मध्येच धाडकन ८०० किंवा हजार-बाराशेवर पडतो, काही सेकंद तिथे राहतो आणि पुन्हा ५००० वर जातो. गेममध्ये हा झटका हमखास जाणवतो. आलेखावर करवतीचे दात दिसतात. अशा वेळी प्रोसेसरचा संशय सोडून द्या. प्रोसेसरला वीज देणारी मदरबोर्डवरची सर्किट, म्हणजे व्हीआरएम, तापून 'प्रॉकहॉट'चा, म्हणजे 'फार गरम झालं, वेग कमी कर' असा इशारा पाठवतेय आणि प्रोसेसर तो ऐकतोय. स्वस्त बोर्ड आणि जास्त कोअरचा प्रोसेसर ही जोडी यासाठी कुप्रसिद्ध आहे. पाण्याचा कूलर बसवला की हा त्रास उलट वाढू शकतो, कारण हवेच्या कूलरचा पंखा व्हीआरएमवरही थोडी हवा मारत असतो. व्हीआरएमच्या हीटसिंककडे तोंड करून एक छोटा पंखा लावून बघा. दात नाहीसे झाले तर निदान पक्कं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही डोकवा. 'कर्नल-प्रोसेसर-पॉवर' या स्रोताखाली इव्हेंट ३७ दिसला, तर सिस्टिम फर्मवेअर प्रोसेसरचा वेग मर्यादित करतंय असं विंडोजच लिहून देतंय. लॅपटॉपवर हाच इव्हेंट बऱ्याचदा चार्जर ओळखला न गेल्याने येतो.

एक निरुपद्रवी भाऊबंदही आहे. क्लॉक ५००० वरून बरोबर ४८०० वर जातो, ना कमी ना जास्त, आणि तेही काही ठरावीक गेम किंवा टेस्टमध्येच. बायोसमध्ये 'एव्हीएक्स ऑफसेट' २ असणार. एव्हीएक्स सूचना, म्हणजे एका झटक्यात बरीच आकडेमोड करणाऱ्या खास सूचना, जास्त वीज खातात, म्हणून त्या चालू असताना मल्टीप्लायर तेवढा कमी होतो. आजचे अनेक गेम एव्हीएक्स वापरतात. ऑफसेट शून्य करता येतो, पण मग व्होल्टेज आणि कूलर दोन्ही प्राइम९५ या जड टेस्टच्या एव्हीएक्स प्रकाराला पुरले पाहिजेत.

रायझनवाल्यांसाठी वेगळं

इथे 'सगळ्या कोअरना एकच मल्टीप्लायर' ही जुनी सवय नुकसान करते. रायझन ९ ५९५०एक्स एका कोअरवर ४.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. सगळ्या कोअरना ४.४ लावला की आपोआप चालणारा बूस्ट बंद होतो. सिनेबेंचचा स्कोअर वाढतो, गेमचे फ्रेम कमी होतात. त्यापेक्षा प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (आपोआप चालणाऱ्या बूस्टच्या मर्यादा वाढवणारं सेटिंग) चालू करून कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा. त्यात उणे आकडा दिला की त्या कोअरला तेवढ्याच क्लॉकवर कमी व्होल्टेज मिळतं.

मर्यादा इथे तीन: पीपीटी (एकूण वीज), टीडीसी (सलग करंट), ईडीसी (क्षणिक कमाल करंट). एएम४ सॉकेटवरच्या १०५ वॅटच्या प्रोसेसरला मूळ आकडे १४२ वॅट, ९५ अँपिअर आणि १४० अँपिअर. एचडब्ल्यूइन्फो तिन्ही टक्क्यांत दाखवतो. जी १०० ला टेकलीय ती अडवतेय. सगळे कोअर जाहिरातीतल्या कमाल बूस्टला जात नाहीत हेही धरून चला. ती उंची एक-दोन चांगल्या कोअरसाठी आणि हलक्या लोडसाठीच असते.

आणि आता तो अपवाद. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये जास्तच उणे आकडा दिला, तर कधी कधी मशीन क्रॅश होत नाही. कोअर क्लॉक ४८५० दाखवतो, लोड १०० टक्के असतो, पण इफेक्टिव्ह क्लॉक ४६०० च्या घरात रेंगाळतो आणि स्कोअर आधीपेक्षा कमी येतो. व्होल्टेज पुरत नाही म्हणून प्रोसेसर आतल्या आत क्लॉक ताणून धरतो. याला क्लॉक स्ट्रेचिंग म्हणतात. इंटेलच्या नव्या पिढ्यांतही व्होल्टेज कमी केल्यावर 'सीईपी' हे संरक्षण असंच वागतं. म्हणून दर बदलानंतर स्कोअर लिहून ठेवा. क्लॉकचा आकडा वर आणि स्कोअर खाली, हे दिसलं की एक पायरी मागे या.

कर्व्ह ऑप्टिमायझरची अस्थिरता सिनेबेंचमध्ये सापडत नाही, हेही लक्षात असू द्या. ती हलक्या लोडवर सापडते, मशीन नुसतं चालू असताना रीस्टार्ट होतं तेव्हा. एकेका कोअरला आळीपाळीने लोड देणारं कोअरसायकलर त्यासाठी वापरा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीया-लॉगर' (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) चा इव्हेंट १८ आला तर त्यातल्या एपीआयसी आयडी या क्रमांकावरून कोअर ओळखता येतो. मग त्या एकाच कोअरचा उणे आकडा कमी करायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

दर काही दिवसांनी ओव्हरक्लॉक गायबच

बायोस उघडून बघा, सेटिंग्ज तिथे आहेत का? नसतील तर बोर्डानेच ती पुसली आहेत. बूट एक-दोनदा फसलं की बरेच बोर्ड गुपचूप डीफॉल्टवर जातात. काही बोर्ड तसा संदेश देतात, काही देत नाहीत. गंमत म्हणजे बूट फसण्याचं कारण बऱ्याचदा प्रोसेसर नसून मेमरी असते. एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइलवर (मेमरी जास्त वेगाने चालवणाऱ्या तयार सेटिंग्जवर) मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बूट होताना बोर्डाने मेमरीशी जुळवून घेणं, जमलं नाही, की तिच्यासोबत कोअरची सेटिंग्जही जातात. काही दिवस मेमरी मूळ वेगावर ठेवून बघा. तारीख-वेळही चुकत असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय.

बायोसमध्ये सेटिंग्ज जागेवर असूनही विंडोजमध्ये लागत नसतील, तर मदरबोर्डचं स्वतःचं ट्यूनिंग सॉफ्टवेअर स्टार्टअपला आपलं प्रोफाइल वरून लादत असतं. ते काढून टाका. ओव्हरक्लॉक मुळात सॉफ्टवेअरमधून केलेला असेल, तर स्लीपमधून उठल्यावर किंवा क्रॅशनंतर तो न लागणं अपेक्षितच आहे. तेच आकडे बायोसमध्ये भरा आणि प्रोफाइल पेनड्राइव्हवर सेव्ह करून ठेवा, कारण बायोस अपडेट केला की बोर्डवरची सेव्ह केलेली प्रोफाइल्स जातात.

क्लॉक टिकतोय, फ्रेम मात्र वाढत नाहीत

गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डचा वापर ९७-९९ टक्के असेल तर प्रोसेसर ५.० वर काय किंवा ४.७ वर काय, फ्रेम तेवढ्याच राहतील. तोच गेम, तोच सीन, रिझोल्यूशन एक पायरी खाली आणून चालवा. फ्रेम लगेच वाढल्या तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा आहे आणि क्लॉकमागे धावून काही मिळणार नाही. फ्रेम तिथेच राहिल्या तर प्रोसेसर किंवा मेमरीकडे वळा, पण त्याआधी गेममधली फ्रेम लिमिट आणि व्ही-सिंक बंद आहे का ते बघून घ्या.